उपाशी ठेवलेले मासे

चिकलठाण्याच्या पुढं, जालना रस्ता सोडून आत वळलं की मोसंबीच्या बागा लागतात. तिथंच द्वारकाबाईंचं शेततळं आहे. खोदलं होतं बागेच्या पाण्यासाठी. त्यात विकण्यासाठी मासे सोडायचं बाईंनी ठरवलं. नवरा बद्रीनाथ कारखान्यात पाळीवर जाई, त्याला हे पटलं नव्हतं. घरात मासा खाणारं तर कुणीच नव्हतं.

पहिल्या वर्षी बाईंनी लेकरांना वाढावं तशी माशांना पेंड वाढली. दोन्ही वेळा, हात सैल सोडून. न खाल्लेलं तळाशी कुजलं, पाणी काळपट झालं आणि आठवडाभरात जवळजवळ सगळे रोहू-कटला उलटे तरंगले. शेजारच्या पुंजारामांनी बांधावरूनच सुनावलं, की वास आमच्या बागेपर्यंत येतो, हे धंदे आपले नव्हेत.

मत्स्यपालनाचं तीन दिवसांचं शिबिर लागलं, तेव्हा बाई रोज शहरात जाऊन बसल्या. सगळ्या पुरुषांत एकट्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी पेंड भोकं पाडलेल्या पिशव्यांत भरून पाण्यात टांगली. संध्याकाळी पिशवीत जेवढं उरे, तेवढं दुसऱ्या दिवशी त्या कमी भरत.

ऑगस्टात सहा दिवस ऊन पडलं नाही. सातव्या दिवशी उजाडताच बाई तळ्यावर गेल्या, तर शेकडो मासे वर येऊन तोंडं उघडत-मिटत होते. पाळीवरून नुकत्याच परतलेल्या बद्रीनाथनं ते पाहिलं आणि पेंडीची बादली उचलली.

"भुकेजलेत बिचारे. थोडं टाकतो."

बाईंनी बादलीची कडी धरली. "भूक नाय ती. ऊन नाय म्हणून पाण्यातली हवा सरलीय, दम कोंडलाय त्यांचा. आता पेंड पडली तर अजून मरतील."

तळ्याचंच पाणी उपसून वरून परत तळ्यात पाडलं, की पाण्यात हवा मिसळते, हे बाई शिबिरात शिकल्या होत्या. पण वीज गेलेली. जवळपास डिझेल इंजिन होतं ते एकट्या पुंजारामांकडं. तो माणूस देणार नाही, असं बद्रीनाथ म्हणेपर्यंत बाईंनी बांध ओलांडला होता.

पुंजाराम ओट्यावर चहा पीत होते.

"भाऊ, इंजिन पाहिजे. आत्ताच्या आत्ता."

ते कप खाली ठेवून म्हणाले, "चला वहिनी. ते एकट्याला सुरू व्हत नाय."

तिघांनी इंजिन ढकलत आणलं. पाइपाचं तोंड बाईंनी खांद्याच्या वर धरलं आणि पाण्याची धार उंचावरून तळ्यात सोडली. थोड्या वेळात मासे त्या धारेखाली गोळा झाले. हात भरून आले तरी बाईंनी पाइप खाली केला नाही. शेवटी पुंजारामांनीच तो काढून घेतला. दहाच्या सुमारास ढग विरळ झाले आणि एकेक मासा खाली जाऊ लागला. सतरा मेले. बाकीचे वाचले.

पुढचे तीन दिवस ढगाळच गेले आणि पिशव्या रिकाम्याच राहिल्या. मासे काठाशी घुटमळत, तेव्हा बाई जाऊन बघून येत. पण त्यांनी पेंडीच्या पोत्याला हात लावला नाही. चौथ्या दिवशी ऊन पडलं, आणि त्यांनी निम्मी पेंड भरली.

दिवाळीनंतर जाळं ओढलं, तेव्हा किलो-किलोचे रोहू निघाले. पुढल्या हंगामात बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, विकणारा आला आणि एवढ्या मोठ्या तळ्यात अजून दोन हजार सहज मावतील म्हणून मागं लागला. बद्रीनाथनं बायकोकडं पाहिलं.

"नाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "जेवढी सांभाळता येतील तेवढीच सोडा."