भावाने विकलेला खेळ

आमची मावशी व्हिडिओ गेममधल्या माणसांची चित्रं काढायची. तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे आमच्या मामाने, दोन खोल्यांत गेमची कंपनी थाटली, तेव्हा चांगली नोकरी सोडून ती त्याच्या मदतीला धावली. त्यांच्या गेममधली म्हातारी नावाडीण तिने इतका जीव लावून रंगवली होती, की खेळणारे आधी तिच्याबद्दलच विचारायचे.

एकदा मामाने ऑफिसात पाहुणे आणले. "ताई, यांना सगळं नीट समजावून सांग," म्हणाला. मावशीने हौसेने आठवडाभर सांगितलं. पुढे एका सकाळी तिने गेम उघडला, तर पहिल्याच पडद्यावर एका बड्या कंपनीचं नाव झळकलं. पाहुणे तिथलेच होते.

"विकलास? आणि मला पत्ताही लागू दिला नाहीस?"

"ताई, बोलणी गुप्त ठेवायची अट होती."

"मी परकी होते का रे?"

नव्या मालकांना चित्रं हवी होती, चित्रकार नको होती. महिन्याभरात मावशीची नोकरी गेली.

आता ती मुलांना चित्रकला शिकवते. मामाचा फोन आला की उचलते, ख्यालीखुशाली विचारते. गेमचा विषय निघाला, की "दूध उतू जातंय" म्हणून फोन ठेवते.