नानांच्या चंचीतल्या गोळ्या

धाकटा भाऊ पोलीस भरतीसाठी धावायचा. सोनगीरजवळच्या आमच्या गावच्या रस्त्यावर एका सकाळी धावता धावता कोसळला, तो उठलाच नाही. ऊन लागलं, म्हणाले लोक. सकाळी सहाला कसलं डोंबलाचं ऊन! पण तेव्हा मीही मान डोलावली.

दोन वर्षांनी जळगावात मीच ऑफिसच्या जिन्यात चक्कर येऊन पडलो. इसीजी बघून डॉक्टरांनी विचारलं, घरात तरुण वयात कोणी अचानक गेलंय का? हृदयाचे ठोके एकाएकी भलत्याच वेगाने सुटण्याचा दोष आमच्या रक्तातच निघाला. वडिलांची, म्हणजे नानांची, तपासणी केली तर त्यांच्यातही तोच. दोघांना एकच गोळी सुरू झाली, ठोक्यांना आवरून धरणारी. एकदम सोडली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. तेव्हापासून नाना जळगावच्या पिंप्राळ्यात माझ्याकडेच राहतात.

मे महिन्यात एकदा त्यांची तंबाखूची चंची खाली पडली आणि तिच्यातून मूठभर गोळ्या फरशीवर घरंगळल्या. रोज माझ्यासमोर तोंडात टाकायचे, गालात धरायचे आणि मी वळलो की चंचीत.

"उन्हायामा गोया गरम पडतस रे," ते म्हणाले.

"आणि तंबाखू गार पडते वाटतं?" माझं डोकंच फिरलं. उन्हाचा आणि या गोळीचा काही संबंध नाही, हे मी चढ्या आवाजात सांगत राहिलो. नाना वाकून गोळ्या वेचत होते.

"धाकलाले ज्या गोया भेटन्या नहीत, त्या मी खाऊ?" ते वर न बघता म्हणाले. "त्याले हाई दुखणं मीच दिन्हं ना."

मला रडू फुटलं, तरी राग काही गेला नाही. "मलाही तुम्हीच दिलंय, नाना. मग मीही आजपासून बंद करतो."

खरं तर तसं माझ्या मनात नव्हतं. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि गोळीसाठी तळहात पुढे केला.

आता रोज सकाळी आठला ते पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यासमोर बसतात. आधी मला गोळी घ्यायला लावतात. मग तोंड उघडायला सांगतात, गालात नीट बघतात आणि मगच स्वतःची गिळतात.