स्कूटीवरून सत्काराला

मी स्कूटी शिकले, कारण मला रिक्षावाल्याला "थांबा" म्हणता येत नाही.

पिंपरीहून शेअर रिक्षात बसायचं आणि पिंपळे गुरवला आपल्या गल्लीशी उतरायचं, एवढंच काम. पण गल्ली जवळ आली की माझा आवाज जायचा. आणखी कुणीतरी इथंच उतरेल या आशेवर मी बसून राहायचे आणि शेवटच्या थांब्यावरून भाजीच्या पिशव्या घेऊन उलटी चालत यायचे. (घरी सांगायचे, चालणं तब्येतीला चांगलं.) शेवटी गुडघे रुसले, तेव्हा पन्नाशीत मी मुलीची जुनी स्कूटी शिकले. गोष्ट संपली.

पण आमच्या यांना ती संपवायची नव्हती. हे चाकणला एका कंपनीत सुपरवायझर. यशस्वी लोकांची भाषणं मोबाइलवर ऐकत दाढी करतात, त्यामुळे हनुवटीवर रोज एक ताजी जखम असते. त्यांनी आख्ख्या शिफ्टला सांगितलं, की माझ्या बायकोच्या आत आग आहे. खालच्या मजल्यावरची सुरेखा महिला मंडळ चालवते, तिलाही सांगितलं. झालं! मंडळानं माझा सत्कार ठरवला. शाल, नारळ आणि 'माझ्या यशामागची प्रेरणा' यावर माझे दोन शब्द.

चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून मी कुणासमोर उभी राहून बोललेले नाही. (चौथीपर्यंतही नाहीच.)

"रिक्षाचं सांगू का?" मी यांना विचारलं.

"वेडी आहेस का? शिफ्टमधली माणसं येणारेत माझी. जिद्द सांग, स्वप्न सांग."

"मला स्वप्नातसुद्धा रिक्षाच दिसते हो."

मग मलाच प्रश्न पडला. बाकीची माणसं पुढं जातात, ती नेमकी कशानं? सुरुवात घरातूनच केली. तुम्ही सुपरवायझर कशामुळं झालात, असं यांना विचारलं. आधी मेहनत झाली, मग चिकाटी झाली. मी नुसती बघत राहिले. (कमी बोलण्याचा हा एक फायदा. समोरचा माणूस कंटाळून खरं बोलतो.) शेवटी हळूच म्हणाले, "मशीनवर उभं राहून पाय दुखायचे गं. सुपरवायझरला खुर्ची असते."

सुरेखाचे डबे वाकडच्या उंच उंच इमारतींत जातात. तिला विचारलं, तर तिच्या सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, की तुझ्या पोळ्या फुकट वाटल्या तरी कोण खाईल? आता त्याच सासूबाई सकाळी डबे भरायला बसतात.

आग काही कुठं सापडेना. एकीकडे खुर्ची, एकीकडे सासू.

सत्काराच्या दिवशी हे कंपनीतून परस्पर हॉलवर जाणार होते. मी जरीची साडी नेसून स्कूटीवरून निघाले. (स्कूटीबद्दलच्या सत्काराला रिक्षानं कसं जाणार?) पहिल्याच वळणावर समोर लग्नाची मिरवणूक. बँड, घोड्यावर नवरदेव, नाचणारी पोरं. हॉर्न दिला असता तर वाट मिळाली असती. पण हॉर्न देणं म्हणजे अनोळखी माणसाला ओरडून हाक मारणंच की! मी मुकाट्यानं मागं राहिले. तेवढ्यात माझ्या मागं वऱ्हाडाचा टेम्पो येऊन चिकटला. चौक आला. हॉल डावीकडं होता. मिरवणूक उजवीकडं वळली. मीही वळले.

सीटखाली मोबाइल वाजत होता. यांचाच असणार. पण सीट उघडायला उतरावं लागणार, उतरायला थांबावं लागणार, आणि थांबले तर टेम्पोवाल्याशी बोलावं लागणार. वाजू दिला.

मिरवणूक थेट मंगल कार्यालयाशी थांबली. दारात नऊवारीतल्या एक आजी बायकांना हळदीकुंकू लावत होत्या. मी तुमच्यातली नाही, असं मी सांगणारच होते. वाक्य तयार होईपर्यंत कुंकू लागलं होतं. जरीची साडी बघून कुणाला शंकाही आली नाही. निघून जावं, तर यजमानांना सांगून जायला हवं. म्हणून बसले.

आजी शेजारी येऊन टेकल्या. "स्कूटीवर आल्या व्हय एकल्या? आमच्या सुना भित्यात. काय मनात आणून शिकलात वं?"

तोच प्रश्न! माइक नव्हता, शिफ्ट नव्हती. माझ्या तोंडून खरं निघून गेलं. "रिक्षावाल्याला थांबा म्हणायची लाज वाटते म्हणून."

आजी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "माझं बी तसंच बघा. बघायला आले तवा न्हाई म्हणाया तोंड उघडलं न्हाई, म्हून ह्या घरात पडले. आज माझ्या शब्दाबिगार इथं पान हालत न्हाई."

अक्षता पडल्या. आजींनी आग्रहानं जिलेबी वाढली. तिलाही पुरे म्हणता येईना.

घरी पोचले तेव्हा हे दारातच उभे. शाल यांच्या खांद्यावर, नारळ यांच्या हातात. मला वाटलं, आता यांची शिफ्टसमोर अब्रू गेली. मी माझ्या केसांतल्या अक्षता झटकल्या आणि घाबरत विचारलं, "काय सांगितलंत सगळ्यांना?"

"काय सांगणार? तुझ्या वतीनं मीच बोललो. म्हटलं, माझी बायको एकदा निघाली की थांबत नाही. टाळ्या काय पडल्या म्हणून सांगू!"

 माणूस खोटं बोलला नव्हता. थांबायचं म्हणजे कुणाला तरी सांगावं लागतं.