गुरुलिंग सरांची प्रश्नावली

उदगीरच्या आमच्या कॉलेजात गुरुलिंग सरांना पोरं मागून 'हुकूमशहांचे हेडमास्तर' म्हणत. सर राज्यशास्त्र शिकवायचे आणि फावल्या वेळात जगभरच्या सरकारांना मार्क द्यायचे. कुठं राजा, कुठं लष्कर, कुठं एकच पक्ष, कुठं एकटाच माणूस. निवडणुका घेऊनही सगळं आपल्याच मुठीत ठेवणाऱ्यांचा रकाना वेगळा. ब्रह्मदेशाच्या लष्करी राजवटीवर त्यांची पीएच.डी., म्हणून परदेशातल्या एका विद्यापीठाकडून दरवर्षी त्या देशाबद्दलची प्रश्नावली यायची. लोक न भिता उघड बोलू शकतात का? शून्य ते चार. शून्य म्हणजे अजिबात नाही, चार म्हणजे पूर्ण मोकळीक. एकेका आकड्यासाठी सर आठ-आठ दिवस घालवत. आम्हाला हसू यायचं. नांदेडची गाडी कधी येईल ते इथं कुणाला सांगता येत नाही, आणि हे रंगूनचं मोजून राहिले!

मी त्यांचा विद्यार्थी. त्यांच्याच शिफारशीनं पुढं त्यांच्या विभागात लागलो. त्यामुळे घरी येणं-जाणं होतं. घरही सर लोकशाहीनं चालवत, निदान त्यांना तसं वाटे. टीव्ही कुठला घ्यायचा इथपासून सगळ्याला मतदान. बायको बसम्माकाकू, मुलगा रुद्रेश, मुलगी मंजुश्री गोल बसत. सर आधी आपलं मत समजावून सांगत, मग हात वर. निकाल कायम एकमतानं. सरांना त्याचा कोण अभिमान!

मंजुश्रीचा हैदराबादला पीएच.डी.ला नंबर लागला, त्याच महिन्यात देगलूरहून आडत दुकानदाराचं स्थळ आलं. पाहुणे बैठकीत, जंगमस्वामी पंचांग काढून तयार. सर आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेले.

"माझी काई जबरदस्ती न्हाई. घर चांगलं हाय, माणसं आपली हायेत. पटतंय त्यांनी हात वर करा."

आणि स्वतःचा हात सगळ्यांच्या आधी वर केला. काकूंनी केला, रुद्रेशनं केला. मीही केला. मला कसला आलाय मताचा हक्क, पण सर माझ्याकडं बघत होते. मंजुश्रीनं सगळ्यांचे हात पाहिले आणि शेवटी आपला वर केला. माझ्या त्या वर केलेल्या हाताची मला आजही लाज वाटते.

लग्नाला नऊ वर्षं झाली. सासर वाईट नाही, पण पुस्तकं सुटली ती सुटलीच. माहेरी आली की ती स्वयंपाक करायची, वडिलांना वाढायची, निघून जायची. सरांनी काहीही विचारलं तरी "हाव, अप्पा" म्हणायची. काकू गेल्या, रुद्रेश नोकरीला बाहेरगावी, घर रिकामं झालं, तेव्हा कुठं सरांना ते 'हाव' टोचायला लागलं.

गेल्या दिवाळीनंतर त्यांनी एक वेडेपणा केला. दुसरा बाप असता तर लेकीच्या घरी जाऊन तिच्यासमोर रडला असता. सरांनी प्रश्नावली काढली. घरात माझ्या मनाविरुद्ध बोलता येत होतं का? लग्नाचा निर्णय तुझा होता का? नाही म्हटलं असतंस तर चाललं असतं का? शून्य ते चार. खाली लिहिलं, 'भिऊ नकोस, खरं लिही.' सोबत तिकीट लावलेलं पाकीट जोडून ती देगलूरला पाठवली. लेकीकडून त्यांना एकदा तरी 'नाही' ऐकायचं होतं. रोज पोस्टमनच्या वेळेला ते ओट्यावर येऊन बसायचे.

अकराव्या दिवशी पाकीट आलं. सरांनी मला बोलावून घेतलं. कागदावर बारा प्रश्न, बाराही प्रश्नांपुढं चार. खाली तिच्या सुरेख अक्षरात, 'अप्पा, तब्येतीला जपा.'

सरांनी बाराही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "शिवशंकर, असा कागद कुठल्या देशातून आला असता, तर मी त्याला शून्य दिलं असतं."

त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी माझा हात धरला. "ती न्हाई सांगायची. तू घरातलाच हायेस, तू सांग. मी कसा होतो?"

सगळं माझ्या ओठावर आलं होतं. म्हातारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खरंच विचारत होता.

मी म्हणालो, "चांगले होता, सर."