लीलाथळचा हिरवा दगड

गणपतीच्या आदल्या दिवशी पूजेची भांडी घासण्यात सविताबाई देवस्थळींचा हात कुणी धरला नसता. ताम्हण, पळी, पंचपात्री, कलश, निरांजनं, सगळं एका मोठ्या टबात जायचं. वर कोमट पाण्यात कोळलेली चिंच आणि मूठभर जाडं मीठ. बाजारात पावडरी आल्या, बाटल्या आल्या, पण सविताबाईंचा विश्वास चिंचेवर. मुलाकडे, रुचिरकडे, सिंगापूरला राहायला आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात टेक्का मार्केटात जाऊन चांगली चिंच कुठे मिळते ते त्यांनी पाहून ठेवलं होतं.

२०१५ साल होतं. त्या सप्टेंबरात इंडोनेशियातल्या जंगलांच्या आगींचा धूर हवेत साचलेला असल्यामुळे बुकित तिमाहच्या त्या कॉन्डोत, म्हणजे तिथल्या सोसायटीत, त्यांच्या फ्लॅटच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. रुचिर पाया लेबारला ऑफिसात, नात श्रिया शाळेत, सून ऋचा दूर्वा आणि केळीची पानं आणायला गेलेली. आतल्या खोलीत त्यांचे यजमान पद्माकरराव लॅपटॉपसमोर बसून स्वतःशीच भाषणाची तालीम करत होते. अधूनमधून "रसिक श्रोतेहो" असं ऐकू येई आणि सविताबाईंना हसू येई.

भाषणाचं खूळ निघालं पुलाउ उबीनला. कॉन्डोतली मराठी मंडळी त्या बेटावर सायकली चालवायला गेली होती. तिथे दगडाची एक जुनी खाण पाण्यानं भरून तळं झाली आहे. बाकीचे फोटो काढण्यात दंग असताना पद्माकररावांनी तो ग्रॅनाइट कसा तयार झाला, कसा फोडला, हे अशा रंगात येऊन सांगितलं की भजी थंड झाली तरी कुणी उठेना. कॉन्डोतल्या गणपतीचं सगळं पाहणारा शिरीष म्हणाला, "काका, यंदा आरतीनंतर तुम्हीच बोला. तुमच्या त्या वाळवंटातल्या खाणीवर."

ती खाण म्हणजे राजस्थानातली लीलाथळची तांब्याची खाण. पद्माकररावांनी जिऑलॉजिस्ट म्हणून उमेदीची सगळी वर्षं तिथे काढली. सविताबाईंनीही. पुण्याच्या पेठेतून लग्न होऊन त्या जीपमधून तिथे उतरल्या तेव्हा त्यांच्या अंबाड्यात वाळू गेली होती आणि समोर एक उघडी टेकडी, चार खेजडीची झाडं आणि क्वार्टर्सची एक रांग, एवढंच होतं. त्या रडल्या नाहीत. "पाणी किती वाजता येतं?" एवढं विचारलं. पद्माकरराव म्हणाले, "टँकर आला की."

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला नवऱ्यानं काय आणावं? दगड आणला. मुठीएवढा, मोरपंखी हिरवा, उचलला की जड. "टेकडीच्या माथ्यावर सापडला. तुझ्यासाठी," म्हणाले. सविताबाईंनी तो फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, "हा गळ्यात घालायचा की बोटात?" पण तो त्यांनी देव्हाऱ्याशेजारी ठेवला, आणि मग बदल्या झाल्या, घरं बदलली, देश बदलला, तरी दगडाची जागा बदलली नाही. ऑफिसातले दगड पद्माकरराव फोडून, कापून, घासून तपासत. या एका दगडाला मात्र त्यांनी कधी हातोडी लावली नाही. घरातला दगड फोडायचा नाही, असा त्यांचा नेमच होता.

आता त्याच दगडावर भाषणाची अखेर होती. शेवटची स्लाइड श्रियानं बनवून दिली होती. तिच्यावर दगडाचा फोटो आणि खाली, "आता हा हातात घेऊन पाहा."

आणि त्या दिवशी सविताबाईंनी पाहिलं तर दगडावर कुंकू सांडलेलं, निरांजनातल्या तुपाचा थर बसलेला. उद्या चार लोक हातात घेणार. तूप चिंचेनं पटकन निघतं. त्यांनी दगड टबात सोडला, जरासा विसळून लगेच काढायचा म्हणून. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, इथे दोन प्रकारच्या दूर्वा आहेत. व्हिडिओ दाखवू?"

दूर्वा झाल्या, पानं झाली, मग ऋचानं विचारलं नारळ किती. नारळांवरून मोदकांचा विषय निघाला, मोदकांवरून उकड. सविताबाई तांदळाची पिठी चाळायला बसल्या आणि टब विसरल्या तो थेट दुपारच्या चहापर्यंत.

टबातलं पाणी हिरवट निळं झालं होतं. ताम्हण सोन्यासारखं लखलखत होतं. आणि दगड? दगडाचा हिरवा रंग गेला होता. फटींमध्ये कुठे कुठे थोडा उरला होता, बाकी सगळा तपकिरी, तांबूस, सोललेल्या रताळ्यासारखा. तांब्यावर हिरवं दिसलं की काढायचं, हे हात आयुष्यभर शिकले होते. हातांनी आपलं काम चोख केलं होतं.

त्यांनी दगड पुसला आणि पोह्यांच्या डब्यात, पोह्यांच्या खाली दडवला.

श्रिया शाळेतून आली ती चिवडा शोधत. तिनं नेमका तोच डबा उघडला.

"आजी! पोह्यांमध्ये स्टोन का आहे?"

"हळू बोल गं बाई!"

श्रियानं दगड वर काढला, उलटासुलटा केला आणि तिचे डोळे विस्फारले. "हा आजोबांचा ग्रीन स्टोन? व्हेअर द ग्रीन?"

"चिंचेत गेला."

"आजोबांना सांग ना. लास्ट स्लाइड इज धिस वन, लाह!"

"सांगते. मला सांगू दे."

सांगायला म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या, पण पद्माकरराव फोनवर होते, आणि आवाज चढलेला. पलीकडे नागपूरचे चंद्रशेखर, लीलाथळचे त्यांचे सहकारी. दोघांचं एकच भांडण होतं आणि ते खाण बंद पडल्यावरही बंद पडलं नव्हतं. चंद्रशेखर म्हणत, टेकडीच्या वरच्या थरात निव्वळ तांबं होतं, धातूच्या रूपात, आपण ते नीट शोधलं नाही. पद्माकरराव म्हणत, नव्हतं.

"अरे, मी रिपोर्टात लिहिलंय! आणि उद्या लोकांना तेच सांगणार आहे. दाखव ना एक तुकडा! आयुष्यभर बोलतोयस, एक तुकडा दाखवला नाहीस!"

सविताबाई दारातूनच परतल्या. या मनःस्थितीत कशाला सांगा? दुसऱ्या दिवशी मूर्ती आली, पूजा झाली, मोदक झाले, माणसं आली. दर वेळी त्या तोंड उघडत आणि कुणीतरी साखर मागे. नवरा रागावेल याची त्यांना भीती नव्हती. पद्माकरराव रागावत नसत, गप्प होत. खाण बंद झाली तेव्हा असेच महिनाभर गप्प होते. तो हिरवा दगड हातात घेऊन ते आज लोकांसमोर उभे राहणार होते, किती दिवसांनी कोट घालून, आणि त्यांच्या हातात हे सोललेलं रताळं द्यायचं?

संध्याकाळी खाली निघताना पद्माकरराव देव्हाऱ्यापाशी थांबले. "सविता, दगड कुठाय?"

सविताबाईंनी पोह्यांचा डबा आणला. "अहो, माझ्याकडून वाटोळं झालं त्याचं. चिंचेत राहिला." आणि डोळ्याला पदर लावला.

पद्माकररावांनी दगड घेतला. दिव्याखाली नेला, फिरवला, चष्मा काढून अगदी डोळ्यांजवळ धरला. मग त्यांनी जीभ लावली. ओला झाला की दगडाचा खरा रंग दिसतो म्हणून खाणीतले जिऑलॉजिस्ट तसं करतात, पण ऋचाला ते ठाऊक नव्हतं. तिनं रुचिरचा दंड धरला.

"आंबट आहे," पद्माकरराव म्हणाले. "सुई दे एक."

सविताबाईंनी सुई दिली. त्यांनी दगडावर एक ओरखडा काढला, मग दुसरा. "इकडे ये. बघ. लोखंडाचा दगड असता तर पूड पडली असती. पूड नाही. चरा पडतोय, आणि आतून चमकतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे हे तांबं आहे. तुझ्या कलशासारखं. खनिज नव्हे, तांबंच!" आणि ते हसू लागले. मोठ्यानं, खुर्चीची पाठ धरून, कोट चुरगळेपर्यंत. "मी समजत होतो वर हिरवा थर आणि आत लोखंडाचा दगड. म्हणून जड. कधी खरवडून पाहिलाच नाही. तुझा म्हणून!"

"पण हिरवा गेला ना."

"गेला. त्याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? फार देखणा होता." मग फोन शोधत म्हणाले, "थांब, आधी त्या नागपूरकराला सांगू दे."

चंद्रशेखरांना फोटो गेला. अर्ध्या मिनिटात फोन आला तो स्पीकरवर सगळ्या घरानं ऐकला. आधी नुसतं हसणं, मग, "पद्या! तुझ्या घरात होता रे, देवाशेजारी! वहिनींना दे फोन. वहिनी, हो, तुम्ही ही चिंच थोडी आधी नाही का भिजवलीत? माझं प्रमोशन झालं असतं!"

खालच्या हॉलमध्ये आरती झाली, प्रसाद झाला, लोक खुर्च्यांवर बसले. पद्माकरराव छान बोलले. अतिशय जुन्या खडकांच्या भेगांतून खोलवरचं गरम पाणी तांबं कसं वर घेऊन आलं. खोलवर ते पितळेसारख्या पिवळ्या खनिजात राहिलं, पण माथ्याजवळ हवा लागली, क्वचित पडणारा पाऊस मुरला आणि दगडाला हिरवा रंग चढला. वाळवंटात पाऊस थोडा, पण वेळ भरपूर. तो हिरवा रंग पाहूनच शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांनी तिथे खणलं. खडकाशी लाकडं पेटवायची, खडक तापला की तडकतो, मग तुकडे उपसायचे. त्यांच्या भट्ट्यांतली काळी, काचेसारखी मळी गावाबाहेर ढिगानं पडलेली होती. मग कंपनी आली, खाली उतरायला विहिरीसारखा उभा शाफ्ट खोदला. खोल गेल्यावर तांब्याचा पट्टा अरुंद झाला, जगात तांब्याचे भाव पडले, पाणी उपसणारे पंप थांबले. ज्या गावच्या बायका कोसभर चालून पाणी आणत, तिथली खाण खाऱ्या पाण्यानं भरून गेली.

"आणि लीलाथळला निव्वळ तांबं नव्हतं, असं मी या स्लाइडवर लिहिलंय," ते म्हणाले. "ते चूक आहे. काल दुपारपासून चूक आहे. कसं, ते आमच्या सौभाग्यवती सांगतील."

सविताबाईंनी हातानंच नाही म्हटलं. श्रियानं माइक आणून त्यांच्या हातात दिला. "गो, आजी, गो!"

पहिलं वाक्य कुणाला ऐकू गेलं नाही. दुसऱ्याला त्यांनी माइक तोंडाजवळ धरला. टब सांगितला, दूर्वा सांगितल्या, पोह्यांचा डबा सांगितला. हॉल हसून हसून लोळला. तांबूस दगड रांगांतून हातोहात फिरू लागला.

"सविताकाकू, पाणी कोमट की गरम?" मागून शेजारच्या स्मितानं विचारलं.

"कोमट. आणि मीठ जाडं." मग त्या थांबल्या, आणि आपोआप पुढे बोलू लागल्या. "यांनी खाणीचं सांगितलं, पण टेकडीच्या अलीकडचं राहिलं. तिथे संध्याकाळी वारा पडला की वाळू गार व्हायची. आम्ही सगळ्या बायका क्वार्टर्सच्या पायऱ्यांवर बसायचो. बंगाली, तेलुगू, मारवाडी, मी एकटी पुण्याची. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की बोलणं बंद. खाणीच्या लिफ्टमधून वर येणारे टोप्यांवरचे दिवे मोजायचे. आपला दिवा दिसला की उठायचं, पण शेवटचा दिवा येईपर्यंत कुणी घरात जायचं नाही..."

फिरणारा दगड मधल्या रांगेत कुणाच्या तरी हातातच राहिला होता. शिरीष घड्याळ दाखवत उठला. पद्माकररावांनी त्याला खांद्याला धरून परत बसवलं, प्रोजेक्टर बंद केला आणि स्वतः पहिल्या रांगेत, मुलांच्या शेजारी, ऐकायला जाऊन बसले.