कोल्हापूरच्या सारिकाशी कुस्ती

परवा लालबागच्या एका तालमीवरून जाताना हळद आणि तेल घालून कालवलेल्या मातीचा वास आला, आणि मी फुटपाथवरच थांबले.

मी नववीत होते. शाळांच्या कुस्ती स्पर्धा परळच्या मैदानात भरल्या होत्या आणि माझी गाठ कोल्हापूरच्या सारिकाशी पडली. तिच्याकडे कुस्ती घराघरात. आमच्या अख्ख्या शाळेत कुस्ती खेळणारी मुलगी मी एकटीच. माझ्या तालमीचे वस्ताद म्हणाले, "एक मिनिट टिकलीस तरी पुष्कळ."

सारिकाने पहिल्याच झटक्यात मला खाली घेतलं. तोंडात माती गेली. ती मला उताणी करू बघत होती आणि मी पोटावर घट्ट पडून राहिले होते. तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "ऊठ गो बाय! सोडू नको तिका!"

आई! मुलीने मातीत लोळायचं नाही म्हणून वर्षभर माझ्याशी भांडणारी आई. मला हसूच फुटलं. हसत हसतच मी सारिकाचा पाय खेचला आणि ती धपकन बसली.

शेवटी गुणांवर मी हरले, पण पूर्ण वेळ लढून. सारिकाने मला मिठी मारली. "मुंबईतबी अशा पोरी हायत व्हय?"

तेव्हा त्या एका वाक्यावर मी महिनाभर मिरवले. आज मात्र त्यानंतरचं जास्त आठवतं. आई गर्दीतून वाट काढत आली, पदराने माझं तोंड पुसलं आणि वस्तादांना म्हणाली, "उद्या हिका किती वाजता धाडू?"