मैनेच्या खुरांना मढचा चिखल

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. ठेवायला वेळच नाही हो. पाचला उठायचं, गोठा, चूल, रान, टँकरची रांग... एवढ्यात भूत आलंच, तर त्याच्याही हातात मी बादली देईन. या सदरातले अमानवीय अनुभव मी जेवणं उरकल्यावर मोबाईलवर वाचते आणि हसते. पण मागच्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात जे झालं ते हसण्यावारी नेता येईना, म्हणून लिहितेय. कुणाला कारण माहीत असलं तर जरूर सांगा. मला नाही माहीत.

आम्ही आणे गावचे. जुन्नर तालुक्याचं पूर्वेकडचं पठार. होळी झाली की विहिरी तळाला जातात आणि मग टँकर दिवसाआड येतो, तोही आला तर. मिस्टरांना बैलगाड्याचा नाद. आमच्या भागात शर्यतीत गाड्याच्या पुढं घोडी पळवतात, तिच्यावर स्वार असतो आणि तिच्यामागं बैल सुटतात. त्यासाठी चार वर्षांपूर्वी ह्यांनी तालुक्याच्या मावळतीकडच्या, भाताच्या पट्ट्यातल्या मढ गावाहून घोडी आणली. तांबडी, कपाळावर पांढरा चांद. नाव मैना.

घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, फेटे बांधून नाचायला सगळे. घरी मात्र लीद काढायला मी, खरारा करायला मी. रोज सकाळी चारी खुरं उचलून वाकवलेल्या स्क्रू ड्रायव्हरनं आतला खडा-माती काढायची तीही मीच. नाही काढली तर खूर आतून कुजतं, घाण वास मारतं. दीड महिन्याला नालबंद येतो, तेव्हा तिचं तोंड धरायलाही मीच. 'साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये' म्हणतात ना? मागूनच काय, पुढूनही जाऊ नये. पहिल्याच वर्षी तिनं माझ्या पायावर पाय दिला. करंगळी अजून वाकडी आहे. हौस ह्यांची आणि लीद माझी, असा आमचा संसार.

तरी तिच्यावर माझा जीव होता. खोटं का बोलू?

ही घोडी आणली त्या दिवसाची एक गोष्ट आधी सांगायला हवी. मढला ती धोंडूबाबांची होती. म्हातारा एकदम काटक. मुलगा मुंबईला, घरात सून सुमन, आणि वयामुळं बाबांना आता घोडीचं करणं झेपेना म्हणून विकत होते. मढला धरणाचा फुगवटा आहे, त्यांच्या घरामागच्या ओढ्याला उन्हाळ्यातही पाणी असतं. ह्यांनी घोडी टेम्पोत चढवली तेव्हा बाबा माझ्याजवळ आले. ह्यांच्याकडं गेलेच नाहीत. म्हणाले, "पोरी, दुपारच्याला हिचे पाय पान्यात ठिव. मी रोज ओढ्यात हुबी करतो, अर्धा तास. खुरं नाजूक हैत तिची, तापत्यात. बाकी काय मागत न्हाई मी. एवढं करशील?"

मी म्हणाले, "हो बाबा, करीन की."

आण्यात कुठला ओढा? पण नाही म्हणाले असते तर म्हातारा सौदा मोडायचा, आणि हे चार दिवस तोंड फुगवून बसायचे. म्हणून हो म्हणून टाकलं. टेम्पो मढची वेस ओलांडेपर्यंत मी विसरलेही.

आता मागच्या उन्हाळ्यातलं. यात्रेच्या घाटात आमचा गाडा पहिल्यांदा फायनलला पहिला आला. गुलाल, डीजे, गावभर मिरवणूक! बैलांना पुरणपोळीचा घास द्यायची पद्धत आहेच. मला वाटलं, पुढं पळाली ती मैना, आणि तिला फक्त पाठीवर थाप? मी उरलेल्या पोळ्यांची अख्खी टोपली तिच्यापुढं ठेवली. वर अर्धी बादली गहू, त्यावर गूळ. ती मान हलवत खात होती आणि मी रडत होते. आनंदानं हं. आम्ही बैलवाली माणसं. बैलाला गोडधोड दिलं की आम्हाला पुण्य लागतं. घोडीचं पोट वेगळं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं... आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मैना ठाणावर विचित्र उभी. पुढचे दोन्ही पाय पुढं ताणलेले, सगळा भार मागच्यावर. चालवायला गेले तर पाऊल उचलेना. खुराला हात लावला तर चटका बसावा इतकं गरम.

मंचरहून डॉक्टर आले. म्हणाले, "खुराच्या आत सूज आलीय. वरचं कवच कडक, सुजेला जागा मिळत नाही. आतलं हाड खाली सरकलं तर मग मी काही करू शकणार नाही. काय खायला घातलं होतं?"

हे शेजारी उभे होते. मी म्हणाले, "थोडे हरभरे."

डॉक्टरांनी माझ्याकडं एकदा बघितलं. इंजेक्शनं दिली, दाणा बंद करायला सांगितला, पायाखाली मऊ वाळू टाकायला सांगितली. "आणि पुढचे पाय गार पाण्यात ठेवा. जितका वेळ जमेल तितका, रोज. औषधापेक्षा ते मोठं आहे."

पाणी! प्यायला दोन हंडे आणि बैलांना चार बादल्या, त्यातच टँकरवर भांडणं. मी ओली पोती गुंडाळली तर ती वाऱ्यानं पंधरा मिनिटांत खडखडीत. ह्यांनी दोन दिवस वाट पाहिली आणि व्यापाऱ्याला फोन लावला. तो आठवड्यानं येणार होता. अशी घोडी व्यापारी कुठं नेतो हे आपल्याकडं कुणी विचारत नाही. आणि तिला तिथं मी धाडत होते, पुरणपोळीच्या टोपलीनं. हे मी कुणाला सांगितलंही नाही.

फोन झाला त्याच दिवशी दुपारी मी रानातून आले तर मैनेचे पुढचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत ओले. काळा चिखल लागलेला.

मी सासूबाईंवरच घसरले. "आई, पाणी कुणी सांडलं? प्यायला न्हाई आपल्याला!"

"माझे गुडघे बघ आन् मग बोल," त्या बाजेवरून ओरडल्या. "मला मोरीपत्तुर जाता येईना, मी घोडी धुती व्हय?"

मग माझं लक्ष जमिनीकडं गेलं. ठाणावरची वाळू कोरडी. अंगणात ओला ठिपका नाही, खुराचा ठसा नाही. दावं होतं तसं, माझीच गाठ. आणि जी घोडी दोन पावलं टाकत नव्हती ती जाणार कुठं? मी पाय उचलून स्क्रू ड्रायव्हर फिरवला तर आतून शेवाळ निघालं. हिरवंगार, लांब. त्यात एक भाताचं काड. आमच्या पठारावर भात फक्त ताटात दिसतो.

डोकं फिरल्यासारखं झालं. पण खूर गार होतं, बाई. चार दिवसांत पहिल्यांदा गार.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला ऊन लागलंय." चौथ्या दिवशी मी रानात गेलेच नाही, लिंबाखाली तिच्यासमोर बसून राहिले. साडेअकराला मैनेनं कान टवकारले आणि मावळतीकडं तोंड करून हळूच फुरफुरली, ओळखीचं माणूस आल्यावर फुरफुरते तशी. आणि मला... डुलकी लागली! आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट, आणि मी बसल्या जागी घोरले. पहाटेपासून राबलेलं शरीर, ते काय भुताची वाट बघणार? जागी झाले तेव्हा तिच्या खुरांवरून चिखलाचं पाणी निथळत होतं.

म्हणून पाचव्या दिवशी मी तिच्या खुराला हातच लावून बसले. झोप लागली तरी हात तिथंच राहील म्हणून. खूर तापलेलं होतं, घोट्याच्या मागं नाडी उडताना बोटांना कळत होती. बाराच्या सुमारास ती फुरफुरली आणि तिनं डोकं खाली घातलं. कुणी मानेवरून हात फिरवल्यावर घालते तसं.

आणि माझ्या हाताखालचं खूर गार व्हायला लागलं. खालून वर. आधी बोटं गारठली, मग तळवा, मग मनगट, वाहत्या पाण्यात हात घातल्यासारखं. डोळे टक्क उघडे होते माझे. पाणी कुठंच दिसत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मैनेनं मोठा सुस्कारा टाकला आणि पाठीमागचा भार हळूहळू पुढच्या पायांवर घेतला. मी हात काढला तो कोपरापर्यंत चिखलानं भरलेला.

"हे काय?" मागं हे उभे. व्यापाऱ्याला घोडीचा व्हिडिओ पाठवायचा म्हणून रानातून लवकर आले होते, मोबाईल हातात तसाच.

मी नुसता हात पुढं केला. ह्यांनी चिमटीत चिखल घेतला, चोळला, वास घेतला. ह्यांचा देवावर नाही तेवढा विश्वास मातीवर आहे. तोंडावरचा रंगच उतरला. "ही आपली माती नव्हं," म्हणाले. "ही भाताच्या खाचरातली हाय."

तेव्हा मी सगळं ओकले. पुरणपोळ्या, गहू, डॉक्टरांशी बोललेलं खोटं, आणि धोंडूबाबांना दिलेला शब्द. रडत रडतच.

"मंग हो कशाला म्हनालीस?"

"तुमी तोंड फुगवलं असतं म्हणून!"

ह्यांनी चिमटीतला चिखल झटकला. म्हणाले, "म्हाताऱ्याला फोन लाव."

मढला फोन सुमननं उचलला. आवाज माझ्यासारखाच दमलेला. बाबांना दिवाळीत पॅरालिसिसचा झटका आला होता, आम्हाला कळवलंही नव्हतं. एक बाजू गेली, वाचाही गेली. सहा महिने बाजेवर. मी मैनेचं विचारायला फोन केला असं काहीतरी बोलले. पण ती बाई बोलायला माणूस मिळाल्यासारखी सुटली.

"ताई, आजारपणाचं काय न्हाई, करतेच मी. पन ह्या चार-पाच दिसांत लई वैताग आलाय. रोज दुपारी चादर पायाकडून वली. चिखल! मानूस कुशीवर वळत न्हाई आन् पाय चिखलानं भरल्याले. पोरांना बदडलं मी, वाटलं तीच चेष्टा करत्यात. रोज चादर धुतीया. कुनाला सांगू?"

स्पीकर चालू होता. ह्यांनी ऐकलं, सासूबाईंनी ऐकलं. तिकडं ती चादर धुणार, इकडं मी खुरं धुणार. "उद्या करते गं फोन," एवढंच म्हणाले.

ह्यांनी व्यापाऱ्याला 'येऊ नको' असा मेसेज टाकला आणि टिकाव घेतला. भर उन्हात ठाणासमोर खड्डा खणला, वीतभर खोल, मैनेचे दोन पाय मावतील एवढा. त्यात कांद्यावर झाकायचा ताडपत्रीचा तुकडा अंथरला. आता पाणी? भांडी विसळलेलं, धुण्याचं, हात-तोंड धुतलेलं, सगळं मी बादलीत धरायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या अंगूळीचं पानी घे. चार दिस न्हाई केली तर मला कोन बगाया येतंय?" त्यांच्या तोंडून माझ्यासाठी असं काही निघेल हेच मला जास्त अमानवीय वाटलं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ह्यांनी आणि मी मैनेला धरून चार पावलं चालवली. कण्हत चालली, पण चालली. पाय खड्ड्यातल्या साबणाच्या पांढुरक्या पाण्यात ठेवले आणि मी तिच्या मानेवर डोकं टेकून उभी राहिले. अर्धा तास. ती फुरफुरली नाही, मावळतीकडं बघितलंही नाही. पाय काढले तेव्हा खुरांना आमचंच पाणी आणि आमचीच मुरमाड माती.

एक वाजता सुमनचा फोन. रडत होती. मला वाटलं, गेले बाबा.

"ताई, आज चादर कोरडी हाय. आन् बाबा बोलले! सहा म्हयन्यांनी बोलले!"

"काय बोलले?"

"नीट कळलं न्हाई. दोनच शबुद. 'ठिवलं एकदाचं.' आन् झोपले बगा. लई दमल्यावानी झोपलेत."

मी फोन धरून अंगणात खाली बसले. काय ठेवलं ते सुमनला कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

बाबा पावसाळ्यात गेले. त्याआधी त्यांना एकदा भेटून यायचं होतं, पण माझं जाणं राहून गेलं. ते मला अजून टोचतं. मैना आता बरी चालते, पळत मात्र नाही. नालबंद म्हणाला, खुराचा आकार यायला वर्ष जाईल. ह्यांनी गाड्यापुढं भावकीतली दुसरी घोडी धरली. मैना नुसती उभी असते, खाते आणि माझं काम वाढवते. कंबर मोडते माझी, रोज बादल्या ओतताना.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, कधीकधी सूज आपोआप उतरते. मग शेवाळ? भाताचं काड? ते हसले, "वहिनी, विश्रांती घ्या." पुढं मीही विचारायचं सोडलं. ते काड मी एका डबीत ठेवलंय. कुणाला पटवायचं म्हणून नाही. मलाच कधीकधी वाटतं, ऊन लागलं असेल, म्हणून.

पण दुपारचे साडेअकरा वाजले की हातातलं काम टाकून मी तिचे पाय पाण्यात ठेवते. हो म्हणाले होते ना मी.